अळंबी संपली, पेंढा उरला

संध्याकाळची पाळी सुटली की बोईसर स्टेशनबाहेर भाजीच्या टोपल्यांपुढे झुंबड उडते. गेल्या हिवाळ्यात अशाच एका टोपलीत, मेथीच्या जुड्यांशेजारी, करड्या-पांढऱ्या अळंबीची पाकिटे आमच्या नजरेस पडली. विकणारी ताई ओळखीची निघाली. आम्ही पाकीट घेतले, पैसे दिले आणि निघणार तोच तिने थांबवले.

"भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग आमचं एवढं लिहा. अळंबी खपते, तिची काळजी नाही. पण अळंबी काढून झाल्यावर जो पेंढा उरतो, त्याचं काय करायचं? घरमालक म्हणतो, पावसाच्या आत ढीग हलवा, नाहीतर खोली खाली करा."

प्रश्न साधा होता, पण आम्हाला उत्तर देता आले नाही. म्हणून पुढच्या रविवारी आम्ही तिच्या वस्तीवर गेलो. बारा जणींचा बचत गट. भाड्याची एक खोली. आत ओल्या गोणपाटाचे पडदे आणि दोऱ्यांना टांगलेले पेंढ्याचे बेड. बेडांच्या अंगावर धिंगरीचे गुच्छ असे फुटलेले, की पाहून मन प्रसन्न व्हावे. मागचे दार उघडले आणि ती प्रसन्नता मावळली. तिथे जुन्या बेडांचा कमरेइतका ढीग पडला होता. वरून वाळलेला, आतून कुजका, भोवती घुंगुरट्यांचे ढग. शेजारच्या वहिनी दारे लावून बसल्या होत्या. त्यांची काय चूक?

त्या ढिगापाशी उभे राहूनच आमच्या मनात आले, की ह्यातून गोबरगॅस होणार नाही का? तेव्हापासून चार-सहा महिने आम्ही ह्या एका प्रश्नाच्या मागे लागलो. जे कळले ते वाचकांपुढे ठेवतो. आधीच सांगतो, उत्तर "हो" असेच आहे. पण त्या "हो"ला दोन-तीन अटी आहेत, आणि त्या अटींतच सारे मर्म आहे.

पेंढ्यात उरते काय?

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाताचा कोरडा पेंढा बारीक कापून रात्रभर पाण्यात भिजवतात. मग त्यातले नको असलेले बुरशीचे जंतू मरावेत म्हणून सुमारे ८० अंश सेल्सिअसच्या गरम पाण्यात तासभर ठेवतात. निथळून गार झाला की प्लास्टिकच्या पिशवीत थर देत आणि थराथरात अळंबीचे बियाणे, म्हणजे स्पॉन, टाकत बेड भरतात. पंधरा-वीस दिवस अंधाऱ्या जागी ठेवले की पेंढा पांढऱ्या तंतूंनी भरून घट्ट होतो. मग पिशवी काढून बेड टांगायचा आणि दिवसातून दोन-तीनदा पाणी फवारायचे. काही दिवसांत पहिली काढणी मिळते. पुढे आठवड्या-दहा दिवसांनी दुसरी, मग तिसरी. एक किलो कोरड्या पेंढ्यामागे अर्धा ते पाऊण किलो ताजी धिंगरी निघते. तिसऱ्या काढणीनंतर बेड थकतो.

थकतो, पण रिकामा होत नाही. पेंढ्याच्या कोरड्या वजनातला साधारण तिसरा हिस्सा अळंबीने खाल्लेला असतो. दोन हिस्से तसेच शिल्लक राहतात.

आता पाहा, पेंढा म्हणजे काय? त्यात मुख्यतः तीन वस्तू असतात. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज ह्या दोन्ही साखरेच्याच कण्यांच्या माळा. तिसरे लिग्निन, म्हणजे काडीला ताठपणा देणारा चिवट पदार्थ. भिंतीत विटांना सिमेंट जसे धरून ठेवते, तसे हे लिग्निन त्या माळांना धरून ठेवते. गोबरगॅसच्या टाकीतल्या जिवाणूंना माळा पचतात, लिग्निन पचत नाही. म्हणून कोरा पेंढा टाकीत टाकला तर तो कित्येक दिवस जसाच्या तसा तरंगत राहतो.

धिंगरीची गंमत इथेच आहे. लिग्निन फोडू शकणाऱ्या थोड्या जीवांपैकी ती एक. जंगलात पडलेल्या ओंडक्यांवर तिचे हेच काम चालते. म्हणजे आपण अळंबी खातो तेव्हा आपल्या नकळत पेंढ्याचे कुलूप उघडले गेलेले असते. दुसराही फायदा होतो. कोऱ्या पेंढ्यात कर्ब फार आणि नत्र फार थोडे असते. एका भाग नत्रामागे ऐंशीच्या आसपास भाग कर्ब. गॅसच्या जिवाणूंना वीस ते तीस भागांचे प्रमाण मानवते. अळंबी कर्ब खाते, त्यामुळे उरलेल्या पेंढ्यात हे प्रमाण बरेच खाली येते, आणि शेण मिसळले की ते आणखी जुळते.

ही कल्पना आमची नव्हे, नवीही नव्हे. दिल्लीच्या आय. आय. टी. मधील संशोधकांनी अळंबी काढून उरलेल्या शेतमालापासून बायोगॅस करण्याविषयीचे आपले काम १९८३ सालीच प्रसिद्ध केले होते. चार दशके उलटली, पण ते शास्त्र आमच्या ताईच्या मागच्या दारापर्यंत पोहोचले नाही. शास्त्राला पाय नसतात, ते कोणीतरी उचलून न्यावे लागते.

गॅसची जुनी ओळख

गोबरगॅस आपल्याकडे परका नाही. मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात १८९७ च्या सुमारास मैल्यापासून गॅस धरून त्यावर दिवे लावल्याची नोंद आहे. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या लोखंडी टाकीचे संयंत्र बसवून दाखवले आणि १९६० च्या दशकात खादी व ग्रामोद्योग आयोगाने ते खेडोपाडी नेले. १९८१-८२ साली केंद्र सरकारचा राष्ट्रीय प्रकल्प सुरू झाला. १९८४ साली विटांच्या घुमटाचे, जमिनीत गाडलेले 'दीनबंधू' संयंत्र आले आणि खर्च उतरला.

आपल्या कोकणातच पाहायचे तर सिंधुदुर्गात झाराप येथील भगीरथ ग्रामविकास प्रतिष्ठानने डॉ. प्रसाद देवधर यांच्या पुढाकाराने घरोघर बायोगॅस उभे केले. तिथेही भाताची शेती, तिथेही धो-धो पाऊस. मग पालघरात का होऊ नये? मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात डॉ. शरद काळे यांनी 'निसर्गऋण' नावाचे संयंत्र विकसित केले. त्यात स्वयंपाकघरातला ओला कचरा आधी दळून, गरम पाणी व हवा देऊन मऊ केला जातो आणि मगच गॅसच्या टाकीत जातो. आपल्या विषयाला त्यातला धडा महत्त्वाचा आहे. कठीण माल थेट टाकीत ढकलू नये. आधी मऊ करून घ्यावा. धिंगरीने हे अर्धे काम केलेले असते. उरलेले अर्धे आपण करायचे.

हिशेब काय सांगतो?

इथे आम्ही कागद-पेन्सिल घेऊन गटाबरोबर बसलो. तो हिशेब जसाच्या तसा देतो, म्हणजे कोणाची फसगत होणार नाही.

गट आठवड्याला वीस बेड भरतो. प्रत्येकात एक किलो कोरडा पेंढा. तिसऱ्या काढणीनंतर वीस किलोंतले सुमारे तेरा किलो उरतात, म्हणजे दिवसाला दोन किलोंहून थोडे कमी. अशा कोरड्या किलोमागे हात राखून २०० लिटर गॅस धरला, तर दिवसाला साधारण ३७० लिटर मिळतील. आता स्वयंपाकाला लागतो किती? माणशी दिवसाला २४० लिटर हे प्रमाण धरतात. पाच जणांच्या घराला १२०० लिटर. म्हणजे बारा जणींच्या गटाच्या सगळ्या उरलेल्या पेंढ्यातून एका घराच्या चुलीचा तिसरा हिस्सासुद्धा जेमतेम भागेल!

ताईचा चेहरा उतरला. पण हिशेब पुढे आहे.

गटातल्या एकीचे सासर जवळच्या पाड्यावर आहे. तिथे दोन जनावरे आहेत. एक जनावर दिवसाला सुमारे दहा किलो शेण देते आणि किलोभर शेणातून ४० लिटर गॅस मिळतो. दोन जनावरांचे २० किलो शेण म्हणजे ८०० लिटर. नुसत्या शेणाने त्या घराचे भागत नाही, नुसत्या पेंढ्याने तर नाहीच. दोन्ही मिळून ११७० लिटर होतात. पाच माणसांची चूल जवळजवळ निघाली!

मात्र एक खाचखळगा आहे. आपल्याकडे जनावरे दिवसभर मोकळी चरतात. शेण माळावर पडते. गोठ्यात रात्रीचे सापडते तेवढेच आपले. शिवाय राब भाजायला शेण लागते ते वेगळे. म्हणून शेण मोजताना गोठ्यातले मोजावे, जनावरांच्या पोटातले नव्हे. बंद पडलेल्या कित्येक गोबरगॅसची कथा ह्याच एका चुकीपाशी सुरू होते.

मग गटातल्या एका वहिनीने खरा प्रश्न विचारला. "पेंढा बारा जणींचा आणि चूल एकीची पेटणार. हे कसं चालेल?"

आम्ही निरुत्तर झालो. उत्तर सापडले ते त्या खोलीच्या कोपऱ्यात. तिथे तीन दगडांवर एक काळाकुट्ट पिंप होते. पेंढा गरम पाण्यात ठेवायचा तो ह्याच पिंपात. दर आठवड्याला त्याखाली लाकूड जळते. ते लाकूड कधी विकत, कधी डोक्यावरून येते. आम्ही पुन्हा पेन्सिल उचलली. १०० लिटर पाणी साध्या तापमानावरून ८० अंशांपर्यंत न्यायला, शेगडीतून वाया जाणारी उष्णता धरूनही, सुमारे २००० लिटर गॅस लागतो. वीस किलो पेंढ्याला शंभर-सव्वाशे लिटर पाणी पुरते. आणि उरलेल्या पेंढ्याचा आठवड्याचा गॅस किती? ३७० गुणिले सात, म्हणजे २६०० लिटरच्या आसपास.

म्हणजे मागच्या आठवड्याचा पेंढा पुढच्या आठवड्याच्या पेंढ्याचे पाणी तापवतो! पेंढ्याचा गॅस गटाच्या पिंपाला, शेणाचा गॅस शेण देणाऱ्या आणि टाकी सांभाळणाऱ्या घराला. वाद मिटला. उरलेल्या पेंढ्याने सारे घर चालेल असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण तो आपल्या धंद्याचे जळण आपण पुरवील, आणि लहान धंद्यात एवढी बचत म्हणजे लहान गोष्ट नव्हे.

करताना घ्यायची काळजी

आता ज्या बहिणींना आणि तरुणांना हे करून पाहायचे असेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी.

पहिली गोष्ट पेंढ्याची. बेडावरचे प्लास्टिक आणि दोऱ्या वेचून काढाव्यात. काही ठिकाणी पेंढा गरम पाण्याऐवजी फॉर्मालिन आणि बुरशीनाशकाच्या पाण्यात भिजवतात. जंतू मारणारे औषध गॅसच्या जिवाणूंनाही मारकच. म्हणून ज्यांना पुढे गॅस करायचा आहे त्यांनी गरम पाण्याचीच पद्धत ठेवावी. बटन अळंबीचे कंपोस्ट असेल तर आणखी जपावे. एक किलो बटन अळंबीमागे पाच किलोंच्या घरात असे वापरलेले कंपोस्ट उरते, पण त्यात जिप्सम घातलेले असते. टाकीत त्यातल्या गंधकापासून सडक्या अंड्याच्या वासाचा विषारी वायू जास्त तयार होतो. नवख्याने धिंगरीच्या पेंढ्यापासूनच सुरुवात करावी.

दुसरी गोष्ट मऊ करण्याची. पेंढा कडबाकुट्टीवर बोटाच्या पेराएवढा कापावा. एका पिंपात शेणकाल्यात कालवून चार-पाच दिवस भिजत ठेवावा आणि मग शेणाबरोबर थोडा थोडा टाकीत सोडावा. एकदम घमेले ओतू नये. पेंढा वर तरंगून घट्ट थर धरतो आणि गॅस खालीच अडकतो. तरंगत्या टाकीच्या जुन्या संयंत्रात टाकी हाताने फिरवून हा थर मोडता येतो. दीनबंधूच्या बंद घुमटात ती सोय नाही. तेव्हा पेंढा घालायचा असेल तर कोणते संयंत्र घ्यावे हे आधी ठरवावे, बांधून झाल्यावर नव्हे.

तिसरी गोष्ट पाण्याची. शेणाइतकेच पाणी रोज लागते. भांडी विसळल्याचे, साबण नसलेले पाणी चालते. पण जव्हार-मोखाड्याच्या ज्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यात बायका हंड्याहंड्यासाठी रांगा लावतात, तिथे आधी पाणी, मग गॅस. आपल्या हवामानात माल टाकीत चाळीस दिवस राहील असे माप धरतात. पहिल्यांदा निघणारा गॅस पेटत नाही, त्यात कार्बन डायऑक्साईड जास्त असतो. तो सोडून द्यावा. चांगल्या गॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन असतो. त्याला बायोगॅसचीच शेगडी लागते. सिलिंडरच्या शेगडीची छिद्रे त्याला लहान पडतात.

चौथी गोष्ट जिवाची. गळती शोधायची तर साबणाचा फेस लावून शोधावी. काडी ओढून कधीही पाहू नये. आणि टाकीत कोणीही, कोणत्याही कारणाने उतरू नये. आतला वायू माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. टाकी साफ करायची असेल तर ती उघडी टाकून, पंप लावून, बाहेरून आणि जाणकाराकडूनच करून घ्यावी. मैल्याच्या टाक्यांत गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या आपण वाचतो. ती माणसे कोणत्या वस्त्यांतली असतात, हे आमच्या वाचकांना सांगायला नको. २०१३ चा कायदा झाला तरी त्या बातम्या थांबलेल्या नाहीत. आपल्या हाताने बांधलेल्या टाकीत तरी असे मरण येता कामा नये.

"पुन्हा शेणात हात घालायचा?"

हे सारे बोलणे चालू असताना वस्तीतले एक वृद्ध गृहस्थ बाजूला बसून ऐकत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "बाबासाहेबांनी आम्हाला घाणीची कामं सोडा म्हणून सांगितलं. आम्ही सोडली. पोरं शिकली, कारखान्यात लागली. आता तुम्ही बायकांना पुन्हा शेणात हात घालायला सांगता?"

ह्या प्रश्नाला हसण्यावारी नेणारा माणूस आपला इतिहास विसरला असे आम्ही म्हणू. बाबांचा राग खरा होता. आम्ही त्यांना एवढेच म्हणालो, की बाबासाहेबांनी जे सोडायला सांगितले ती सक्ती होती. दुसऱ्याची घाण, दुसऱ्याच्या हुकमाने, शिळ्या तुकड्यासाठी उपसायची आणि वर विटाळही आपणच सोसायचा! इथे माल आपला, टाकी आपली, गॅस आपला आणि खतही आपले. हातात हातमोजे, पायात बूट, ढवळायला दांडा. कोणाला नको असेल तर तिने करू नये. गटाने पाळ्या लावाव्यात आणि त्या पाळ्यांत घरच्या पुरुषांचीही नावे असावीत. जे काम मालकीचे आहे आणि सगळ्यांच्या वाट्याला सारखे आहे, त्याला कमीपणा चिकटत नाही.

आणखी एक गोष्ट आम्ही त्यांना सांगितली, ती वाचकांनाही सांगतो. बाबासाहेब १९४२ ते १९४६ ह्या काळात व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि विजेचा विषय त्यांच्याकडे होता. २५ ऑक्टोबर १९४३ रोजी विद्युत धोरण समितीपुढे बोलताना त्यांनी वीज स्वस्त आणि मुबलक असली पाहिजे असे मांडले. देशात उद्योग वाढल्याशिवाय लोक दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत आणि विजेशिवाय उद्योग नाही, असा त्यांचा विचार होता. १९४४ साली केंद्रीय तांत्रिक विद्युत मंडळ त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. ऊर्जेचा प्रश्न हा गरिबाच्या सुटकेचा प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हा ओळखले होते.

तारापूरच्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. देशातले पहिले अणुवीज केंद्र १९६९ साली ह्याच किनाऱ्यावर सुरू झाले. पुढे तिसरा आणि चौथा संच आला तेव्हा अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. वीज तारांवरून दूरदूर गेली. आणि त्याच तारांखालून आमच्या आयाबहिणी जळणाच्या मोळ्या घेऊन चालत राहिल्या. २०१६ पासून उज्ज्वला योजनेने पुष्कळ घरांत सिलिंडर आले हे खरे. पण सिलिंडर संपल्यावर दुसरा आणायला पैसे नसले की कोपऱ्यातली चूल पुन्हा पेटते, हेही तितकेच खरे. मोठी वीज हवीच. तिच्यातला आपला वाटा मागत राहावाच. पण तो येईपर्यंत धुरात डोळे चोळत बसण्यापेक्षा, जे आपल्या दारात कुजते आहे ते पेटवता आले तर का पेटवू नये?

एका बंद टाकीची गोष्ट

मोठ्या तोंडाने सल्ला देण्याआधी आमच्याच नात्यातली एक फजिती सांगतो. गावी आमच्या एका काकांकडे तरंगत्या टाकीचा गोबरगॅस होता. पहिली तीन वर्षे काकू कौतुकाने निळी ज्योत दाखवायच्या. मग एक बैल विकला गेला. शेण कमी पडले. लोखंडी टाकीला गंजाचे भोक पडले. दुरुस्तीला कोणी आले नाही, आणि काकांनीही कोणाला धरून आणले नाही. पुढच्या पावसात खड्ड्यात पाणी शिरले. आज त्या जागी अळूचे वाफे आहेत. अळू मात्र झकास येते!

गॅस शास्त्राने होतो, पण टिकतो तो राखणीने. रोजचे शेण, रोजचे पाणी, वर्षातून एकदा रंग आणि गावात दुरुस्ती जाणणारी दोन माणसे एवढे असेल तरच टाकी बांधावी. आमच्या शिकलेल्या मुलांपैकी एखाद्याने गवंडीकामाबरोबर ही विद्या शिकली, तर त्याचेही पोट भरेल आणि पाच गावांच्या टाक्याही चालू राहतील.

ज्यांच्याकडे शेण नाहीच, त्यांनी गॅसचा हट्ट धरू नये. उरलेल्या पेंढ्याचे गांडूळखत करावे. पण ढीग ओला कुजत ठेवू नये. हवा न लागता कुजणाऱ्या ढिगातूनही तोच मिथेन निघतो आणि फुकट आकाशात जातो. शंभर वर्षांच्या हिशेबाने तो वातावरणाला कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे अठ्ठावीस पट तापवतो. म्हणजे शेजाऱ्यांना वास आणि जगाला ताप!

टाकीतून शेवटी जी मळी बाहेर पडते ती उत्तम खत असते. नत्र त्यात टिकून राहते आणि माश्या बसत नाहीत. ती भाताच्या खाचरात गेली की वर्तुळ पुरे होते. शेतातला पेंढा अळंबी देतो, अळंबीचा पेंढा गॅस देतो, गॅसची मळी पुन्हा शेतात जाऊन पेंढा देते. मध्ये कुठेही कचरा नावाची वस्तू शिल्लक राहत नाही.

आता गटाचे काय झाले ते सांगून आटोपते घेतो. घरमालकाने खोली सोडायला लावण्याआधी गटानेच ती सोडली. पाड्यावरच्या त्या सासरच्या घराची ओस पडवी साफसूफ करून बेड तिथे हलवले. म्हणजे पेंढा, गोठा आणि पिंप एका अंगणात आले. अळंबी सकाळी टमटमने बोईसरला येते. उरली तर उन्हात वाळवून ठेवतात. टाकी अजून बांधलेली नाही. पंचायत समितीच्या कृषी विभागात अनुदानाची चौकशी झाली आहे. कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारून यायचेही ठरले आहे. तोवर जुन्या ढिगाचे गांडूळखत चालू आहे. आणि महिनाभर रोज सकाळी गोठ्यातले शेण तराजूवर मोजून वहीत लिहायचे, मगच टाकीचे माप ठरवायचे, असा ठराव गटाने केला आहे.

वही ताईकडे असते. परवा स्टेशनबाहेर भेटली तेव्हा तिने अळंबीच्या टोपलीतून ती काढून दाखवली. पहिल्या पानावर तारखा, पुढे किलो, पुढे जिची पाळी तिचे नाव. नावांच्या यादीत खालून दुसरे नाव त्या वृद्ध बाबांचे होते.